बॉम्ब कुणी टाकला? गर्दीच्या युद्धक्षेत्रात हवाई हल्ल्याची जबाबदारी ठरवण्याची पद्धत

१९ सप्टेंबर २०१६ ची संध्याकाळ. सीरियात अलेप्पो शहराच्या पश्चिमेला उरुम अल-कुब्रा नावाच्या गावी मदतसाहित्याचा ३१ ट्रकांचा ताफा आला होता. ट्रकांमधला माल गोदामात उतरवण्याचं काम चालू होतं. अंधार पडल्यावर तिथं हल्ला झाला आणि किमान १४ मदत कार्यकर्ते मारले गेले.

पुढच्या काही दिवसांत या एका घटनेची तीन उत्तरं समोर आली. अमेरिकी अधिकारी म्हणाले, रशियाची सुखोई-२४ विमानं होती. रशिया आधी म्हणाला, हल्ला झालेलाच नाही, आग लागली असावी. मग म्हणाला, त्या भागात अमेरिकी ड्रोन घिरट्या घालत होता. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयानं नेमलेल्या चौकशी मंडळानं डिसेंबरमध्ये सांगितलं की हल्ला हवेतूनच झाला, पण तो कुणी केला हे ठरवता आलेलं नाही. मार्च २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच सीरिया चौकशी आयोगानं सीरियन हवाई दलाचं नाव घेतलं. आधी हेलिकॉप्टरांतून बॅरल बॉम्ब (स्फोटकं भरलेली पिंपं), मग लढाऊ विमानांतून बॉम्ब, शेवटी गोळीबार, असा क्रमही त्यानं मांडला.

या नावाला सहा महिने लागले. पहिल्या रात्री नाव जाहीर करून मोकळे झालेले लोक बहुतेक चुकले. पडद्यासमोर बसून असे हल्ले तपासणाऱ्या पत्रकारांसाठी, मानवाधिकार कार्यकर्त्यांसाठी आणि अभ्यासकांसाठी हा लेख आहे. एका आकाशात पाच-सहा हवाई दलं उडत असताना नाव कसं शोधायचं, आणि सापडलेल्या नावावर किती भार टाकायचा, हे यात पायरीपायरीनं सांगितलं आहे. उदाहरणं मुख्यतः सीरियाची आहेत, काही इराक, लिबिया आणि येमेनची. ही सगळी माणसांच्या मरणाची प्रकरणं आहेत. तपासात कंटाळा आला किंवा घाई झाली, तर हे आधी आठवावं.

पायरी १ : जे दिसेल ते लगेच जतन करा

हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वात जास्त चित्रफिती येतात आणि त्यातल्या कित्येक नंतर गायब होतात. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेनं अतिरेकी मजकूर समजून सीरियातल्या हल्ल्यांच्या असंख्य फिती काढून टाकल्या. ज्यांनी आधीच प्रती करून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडेच तो पुरावा उरला. म्हणून विश्लेषण नंतर, साठवण आधी. मूळ फाईल, तिचा पत्ता, अपलोडची वेळ, खात्याचं नाव आणि फाईलचा हॅश लिहून ठेवा. हॅश म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा. फाईलमध्ये एक बिट बदलला तरी तो बदलतो, आणि पुढे कोणी ‘तुम्ही फेरफार केला’ म्हटलं तर तोच कामी येतो.

व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोमधली वेळ-ठिकाणाची माहिती गळून गेलेली असते. शक्य असेल तर फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाईल मागवा. त्याच्या जिवाला धोका होईल अशा मार्गानं मात्र ती मागू नका.

पायरी २ : हल्ला हवेतूनच झाला का?

ही पायरी बरेच जण गाळतात. स्फोट मोठा होता, लोक ‘विमान, विमान’ ओरडत होते, एवढ्यावर ‘हवाई हल्ला’ लिहून पुढे जातात. पण त्याच भागात १२२ मिलिमीटरची ग्राद रॉकेटं, ३०० मिलिमीटरची स्मेर्च रॉकेटं, तोफगोळे, मॉर्टर, गाडीत लपवलेले बॉम्ब हे सगळंच चालू असतं. विमान दिसणं आणि स्फोट होणं यात कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडलेली असू शकते.

पाहायचं ते असं. तोफगोळ्याचा खड्डा सहसा उथळ असतो आणि त्याच्याभोवती तुकड्यांचे ओरखडे पंख्यासारखे पसरतात. उशिरा फुटणाऱ्या फ्यूजचा (स्फोट घडवणाऱ्या भागाचा) बॉम्ब मातीत घुसून फुटतो, त्याचा खड्डा खोल असतो. इमारतीत छतातून भोक पडून मजले आतल्या आत कोसळले असतील तर वरून आलेल्या बॉम्बची शक्यता वाढते. रॉकेटचा लांब नळकांड्यासारखा मोटरचा भाग सापडला तर जमिनीवरून डागलेल्या रॉकेटचा विचार करा. पण विमानंही रॉकेटं मारतात, तेव्हा त्या नळीचा व्यास मोजल्याशिवाय निष्कर्ष नको.

लिबियात ४ जानेवारी २०२० च्या रात्री त्रिपोलीतल्या लष्करी प्रबोधिनीच्या मैदानावर २६ प्रशिक्षणार्थी मारले गेले. त्रिपोलीतल्या सरकारविरुद्ध लढणारे सेनानी खलिफा हफ्तर यांच्या फौजेनं जबाबदारी नाकारली आणि स्थानिक गोळाबाराकडे बोट दाखवलं. हे म्हणणं काहींना पटण्यासारखं वाटलं असेल. त्या प्रकरणाचा धागा कसा सुटला ते पुढे येईल.

पायरी ३ : जागा आणि मिनिट

जागा ठरवायला मिनार, पाण्याच्या टाक्या, रस्त्याची वळणं, मागची डोंगररेष, दुकानावरच्या पाट्या यांची उपग्रह छायाचित्रांशी जुळणी करा. किमान तीन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय जागा पक्की धरू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहांची मोफत मिळणारी छायाचित्रं दर पाचेक दिवसांनी येतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा असतो. जळालेलं शेत किंवा कोसळलेला मोठा कारखाना त्यात दिसेल, एका घराच्या छतावरचं भोक दिसणार नाही. त्यासाठी महागडी, अधिक बारकाईची व्यावसायिक छायाचित्रं लागतात. आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही हवीत, नाहीतर तीन वर्षांपूर्वी पडलेलं घर कालच्या हल्ल्यात मोजलं जाईल.

वेळेचं काम जास्त किचकट आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचंही. पुढच्या पायऱ्यांमध्ये विमानाच्या नोंदी जुळवायच्या असतील तर ‘दुपारी’ एवढं पुरत नाही, मिनिट लागतं. सावलीची दिशा आणि लांबी मोजून सूर्याच्या स्थितीवरून वेळ काढता येते. फितीत स्फोटाचा झोत दिसतो आणि आवाज नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सहा सेकंदांचं अंतर असेल तर चित्रण करणारा स्फोटापासून दोनेक किलोमीटरवर उभा होता. दोन वेगळ्या जागांवरून काढलेल्या फिती मिळाल्या तर या हिशेबानं स्फोटाची जागाही पडताळता येते.

घड्याळाचा घोळ टाळा. २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत सीरियाचं घड्याळ हिवाळ्यात जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे आणि उन्हाळ्यात तीन तास पुढे असायचं. टेलिग्रामवर दिसणारी वेळ तुमच्या यंत्राच्या घड्याळाप्रमाणे असते. लष्करी निवेदनं जागतिक प्रमाणवेळेत असू शकतात, आणि मग रात्री दीडचा हल्ला आदल्या तारखेत जाऊन बसतो. सगळ्या नोंदी एकाच प्रमाणवेळेत आणा आणि शेजारच्या रकान्यात स्थानिक वेळ लिहा. ही एक सवय लावून घेतली तर निम्म्या चुका टळतात.

पायरी ४ : त्या दिवशी आकाशात कोण कोण होतं?

आता संशयितांची यादी करा, आणि ती लांब करा. सीरियात सुरुवातीपासून तिथलं सरकारी हवाई दल होतं. सप्टेंबर २०१४ पासून अमेरिकेच्या नेतृत्वाखालची, इस्लामिक स्टेटविरोधी आघाडी आली. ३० सप्टेंबर २०१५ पासून रशियाची विमानं लताकियाजवळच्या ख्मेइमिम तळावरून उडू लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये तुर्कस्ताननं उत्तर सीमेवर मोहीम उघडली. इस्रायल अधूनमधून हल्ले करत होताच. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर इराकच्या एफ-१६ विमानांनी सीमा ओलांडून अबू कमालच्या भागात बॉम्ब टाकले. यादी तारखेनुसार बदलते. २०१५ च्या जुलैतल्या हल्ल्यासाठी रशियाचं नाव यादीत असूच शकत नाही, आणि ज्या देशानं आपली विमानं माघारी नेली त्याचं नाव त्या तारखेनंतर गळलं पाहिजे.

नकाशावरची हद्द उपयोगी पडते, पण ती सीमारेषा समजू नका. २०१७ च्या सुमारास फुरात (युफ्रेटिस) नदीच्या पूर्वेला अमेरिकी आघाडी आणि पश्चिमेला रशिया-सीरिया असा ढोबळ व्यवहार होता. तरी १६ मार्च २०१७ ला अलेप्पोच्या पश्चिमेला, म्हणजे ‘रशियाच्या बाजूला’, अल-जिना गावात अमेरिकेनं हल्ला केला आणि किमान ३८ माणसं मेली. हद्दीवरून नाव ठरवणाऱ्यांनी त्या रात्री चुकीच्या देशाकडे पाहिलं असतं.

आणि ‘आघाडी’ हे एकच नाव धरू नका. १७ सप्टेंबर २०१६ ला दैर अझ-झोरजवळ सीरियन सैन्यावर चुकून झालेल्या हल्ल्यात अमेरिकेबरोबर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि डेन्मार्क यांनीही सहभाग मान्य केला. यादीत प्रत्येक देशासाठी वेगळी ओळ ठेवा.

पायरी ५ : तुकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

सर्वांना सर्वात आधी हवा असतो तो लोखंडाचा तुकडा. तो बोलतो, पण विचाराल तेवढंच बोलतो. तुकड्यावरून शस्त्र कळतं, शस्त्रावरून बनवणारा देश कळतो. टाकणारा देश कळेलच असं नाही.

याचं सर्वात ठसठशीत उदाहरण येमेनमधलं आहे. ८ ऑक्टोबर २०१६ ला सना शहरात अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांवर बॉम्ब पडले आणि १४० हून जास्त माणसं मेली. अवशेष अमेरिकी बनावटीच्या जीबीयू-१२ या लेझरनं दिशा मिळणाऱ्या बॉम्बचे होते. त्याच काळात अमेरिका स्वतःही येमेनमध्ये अल-कायदाच्या ठिकाणांवर हल्ले करत होती. तुकड्यावरून सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हटला तर आरोपी अमेरिका ठरली असती. हल्ला सौदी नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानानं केला होता, आणि चुकीच्या माहितीवरून तो झाला असं त्या आघाडीच्याच चौकशी पथकानं मान्य केलं. बॉम्ब विकणाऱ्याची जबाबदारी हा गंभीर विषय आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत केली तर एकाचंही उत्तर मिळत नाही.

तुकडा पाहताना क्रम असा ठेवा. आधी तो सापडला त्या जागीच, पडलेल्या स्थितीत काढलेला फोटो आहे का? टेबलावर मांडलेल्या तुकड्याचं वजन कमी धरा. फोटोत मोजपट्टी नसेल तर विट, बूट, हाताचा तळवा अशा कशावरूनही आकार काढता येतो. मग कोणता भाग आहे ते पाहा. बॉम्बचं धड फुटून चिंध्या होतं, पण शेपटीचे पंख, पंखांची कडी, फ्यूजचा तळ, मार्गदर्शक यंत्रणेचे पट्टे पुष्कळदा ओळखू येतील असे शाबूत राहतात. उरुम अल-कुब्राच्या गोदामात ओएफएबी २५०-२७० या सोव्हिएत बनावटीच्या बॉम्बचं शेपूटच सापडलं होतं.

नंतर अक्षरं. रशियन लिपीतला मजकूर, लॉट क्रमांक, कारखान्याचा क्रमांक, वर्ष. पाश्चात्त्य शस्त्रांवर उत्पादक कंपनीचा पाच अक्षर-अंकांचा संकेत आणि तेरा अंकी साठा क्रमांक असतो. हे संकेत उघड यादीत शोधता येतात. उत्पादनाचं वर्ष ‘या तारखेआधी हे शस्त्र अस्तित्वातच नव्हतं’ एवढं तरी नक्की सांगतं, आणि जुन्या फोटोंची भेसळ पकडायला तेवढं पुरतं.

आता खरी पायरी : त्या देशात, त्या तारखेला हे शस्त्र किती जणांकडे होतं? यादीतल्या प्रत्येक नावासमोर हो-नाही लिहा. ओएफएबी २५०-२७० रशियाही टाकतो, सीरियाही टाकायचा. म्हणून त्या शेपटीनं अमेरिकेचं नाव खोडलं गेलं, पण उरलेल्या दोघांपैकी कोण हे तिनं सांगितलं नाही. आयोगाला क्रम, साक्षी आणि इतर माहिती लागली ती यासाठीच. हेलफायर या अमेरिकी बनावटीच्या क्षेपणास्त्राचे तुकडे अमेरिकेकडे बोट दाखवतात, पण ब्रिटनचे रीपर ड्रोनही हेलफायर वापरत होते. ब्रिमस्टोन हे क्षेपणास्त्र मात्र त्या आकाशात ब्रिटनच वापरत होता. आर९एक्स नावाचं हेलफायरचं एक रूप स्फोटाऐवजी पात्यांनी मारतं : गाडीचं छत फाटलेलं, आतली माणसं मेलेली, पण आग आणि खड्डा नाही. सीरियाच्या इदलिब प्रांतात असं दृश्य दिसलं तर नाव एकाच देशाचं येतं. हेलिकॉप्टरमधून ढकललेले बॅरल बॉम्ब ही सीरियन सरकारी दलाची ओळख होती.

त्रिपोलीच्या प्रबोधिनीचं प्रकरण याच वाटेनं सुटलं. ऑगस्ट २०२० मध्ये बीबीसीनं प्रसिद्ध केलेल्या तपासात मैदानावरचे तुकडे ब्लू अॅरो ७ या चिनी क्षेपणास्त्राशी जुळले. ते क्षेपणास्त्र विंग लूंग २ या ड्रोनवरून डागलं जातं. हल्ल्याच्या काळात लिबियात हे ड्रोन अल-खादिम या एकाच तळावरून उडत होते, आणि तो तळ संयुक्त अरब अमिराती चालवत होती, असं त्या तपासानं दाखवलं. तुकडा, वाहन, तळ, चालवणारा, अशी ही चार कड्यांची साखळी. यातली एक कडी तुटली तरी नाव निसटतं. तिसऱ्या कडीवर, म्हणजे तळावर, उपग्रह छायाचित्रांनी जे काम केलं ते तुकड्यानं कधीच केलं नसतं.

एक कळकळीची गोष्ट. तिथल्या कुणालाही ‘तुकडा उलटा करून अक्षरांचा फोटो पाठवा’ असं सांगू नका. न फुटलेला फ्यूज हातात फुटतो. दुरून, जसा आहे तसा फोटो पुरे. कमी पुरावा चालेल.

पायरी ६ : विमान पाहणारे, ऐकणारे, नोंदणारे

सीरियाच्या उत्तर-पश्चिम भागात हवाई निरीक्षकांचं जाळं तयार झालं होतं. अरबीत त्यांना ‘मरसद’ म्हणायचे. कुणी टेकडीवर, कुणी तळाजवळच्या गावात, कुणी रेडिओला कान लावून. तळावरून विमान उडालं की वेळ, प्रकार आणि दिशा वॉकीटॉकीवर सांगायची, म्हणजे पुढच्या गावातल्या लोकांना तळघर गाठता येईल. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठी उभी राहिली. मागून तीच जबाबदारी ठरवण्याचा सर्वात भक्कम पाया ठरली.

५ आणि ६ मे २०१९ ला बारा तासांच्या आत इदलिब-हमा भागातल्या चार रुग्णालयांवर बॉम्ब पडले. न्यूयॉर्क टाइम्सनं ऑक्टोबर २०१९ मध्ये छापलेल्या तपासात निरीक्षकांच्या हजारो नोंदी आणि रशियन वैमानिकांचं टिपलेलं रेडिओ संभाषण एकमेकांवर ठेवून पाहिलं. वैमानिक बॉम्ब सोडल्यावर ‘स्राबोताल’, म्हणजे ‘काम झालं’, असं म्हणत. एका रुग्णालयाच्या बाबतीत जमिनीवरच्या नियंत्रकानं वाचून दाखवलेले अक्षांश-रेखांशच त्या रुग्णालयाचे निघाले. कफर नब्लच्या शस्त्रक्रिया रुग्णालयावर थोड्याथोड्या मिनिटांनी चार बॉम्ब पडले. रेडिओवरचा शब्द, निरीक्षकाची नोंद आणि चित्रफितीतला धूर मिनिटाला मिनिट जुळला. रशियानं आरोप नाकारला. पण एकमेकांना न ओळखणारे तीन स्रोत एकाच मिनिटावर येऊन थांबतात, तेव्हा नुसत्या नकारानं तो पुरावा हलत नाही.

तुमच्याकडे रेडिओ नसेल, तरी निरीक्षकांच्या नोंदी तपासण्याची शिस्त तीच. नोंद हल्ल्याआधी केलेली आहे का, की हल्ल्यानंतर आठवून? वेळेचा शिक्का आहे का? निरीक्षकानं ‘रशियन’ कशावरून म्हटलं : भाषेवरून, तळावरून, की सवयीनं? शेवटचं उत्तर आलं तर वजन उतरवा. मग अंतराचा हिशेब करा. ख्मेइमिमपासून कफर नब्ल सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. ताशी ७०० किलोमीटर वेगानं ते अंतर पाच मिनिटांचं. तळावरून उड्डाण आणि स्फोट यांत एकच मिनिट असेल तर तो बॉम्ब त्या विमानाचा नाही. चाळीस मिनिटं असतील तर मधल्या वेळात विमान कुठे घिरट्या घालत होतं याची दुसरी नोंद हवी. मअर्रत अन-नुअमान गावच्या बाजारावर २२ जुलै २०१९ ला झालेल्या हल्ल्यात आयोगाला अशी नोंद मिळाली : किमान दोन रशियन विमानं ख्मेइमिमहून उडून त्या भागावर घिरट्या घालत होती.

विमान दिसलं असेल तर आकार पाहा. सुखोई-३४ आणि सुखोई-२५ सीरियात फक्त रशियाकडे होती. मागे-पुढे होणाऱ्या पंखांची सुखोई-२२ आणि मिग-२३ सीरियाकडे. सुखोई-२४ मात्र दोघांकडे. आवाजावरून प्रकार सांगणारे अनुभवी लोक आहेत, पण आवाजाच्या साक्षीला मी दुसऱ्या आधाराशिवाय वजन देत नाही. ‘रात्रीचा हल्ला म्हणजे रशियाच’ हा ठोकताळाही असाच फसवा. सीरियाचं सुखोई-२४ अंधारात उडायला बनवलेलं विमान आहे.

उघड्या विमानमार्ग संकेतस्थळांवर लढाऊ विमान शोधत बसू नका. ती आपला संकेत बंद ठेवतात. इंधन भरणारी किंवा टेहळणीची विमानं कधीकधी दिसतात आणि तेवढ्यापुरती मदत होते. दिसलं नाही म्हणजे विमान नव्हतं, असा अर्थ काढायचा नाही.

पायरी ७ : सरकारांची निवेदनं पुराव्यासारखी तपासा

कबुली हा चांगला पुरावा आहे, पण ती नेमकी कशाची आहे ते वाचा. अल-जिनाच्या रात्री अमेरिकेनं हल्ला मान्य केला, पण ठिकाण इदलिब सांगितलं. गाव अलेप्पो प्रांतात आहे. मग एक हवाई छायाचित्र दाखवून मशीद शाबूत असल्याचं सांगितलं. त्या छायाचित्रात जुनी छोटी मशीद शाबूत होती, आणि रस्त्यापलीकडची उद्ध्वस्त इमारत ही नवी मशीद होती. स्थानिकांच्या फिती, इमारतीचे बांधकामाच्या वेळचे फोटो आणि तुकडे यांवरून संशोधकांनी ते दाखवून दिलं, आणि पुढे अमेरिकी चौकशीनंही इमारत मशिदीच्या संकुलाचा भाग असल्याचं मान्य केलं. म्हणजे नाव बरोबर, वर्णन चूक.

वैमानिकाच्या कॅमेऱ्यातल्या फिती सरकारंच प्रसिद्ध करतात, त्याही जागेवर बसवून पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं इस्लामिक स्टेटच्या भागातल्या म्हणून दिलेल्या कित्येक फिती प्रत्यक्षात दुसऱ्याच गटांच्या भागातल्या निघाल्या. ‘आम्ही इथं बॉम्ब टाकला’ ही कबुली तुम्हाला आयती मिळते, फक्त ‘इथं’ म्हणजे कुठे ते तुम्ही शोधायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच मंत्रालयानं अमेरिकेविरुद्ध ‘निर्विवाद पुरावा’ म्हणून दिलेल्या चित्रांपैकी एक मोबाइलवरच्या खेळातलं होतं. नकाराचंही तसंच. ‘त्या दिवशी त्या भागात आमची विमानं नव्हती’ हे विधान तपासता येतं, तपासा.

पायरी ८ : खोडणं आणि उभं करणं

आता तक्ता मांडा. ओळींत संशयित, रकान्यांत पुरावे : जागा, मिनिट, शस्त्र, विमान, निरीक्षकांची नोंद, निवेदन, साक्षी. प्रत्येक चौकोनात ‘जुळतं’, ‘जुळत नाही’ किंवा ‘माहिती नाही’ यांपैकी एकच. ‘माहिती नाही’ला ‘जुळत नाही’ समजण्याची चूक फार होते.

अल-जिना घ्या. हेलफायरचे तुकडे : सीरिया नाही, रशिया नाही. उरले अमेरिका आणि ब्रिटन. इथंच थांबून अमेरिका लिहिलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं, पण पद्धत चुकली असती. अमेरिकेच्या निवेदनातली वेळ आणि छायाचित्रातली इमारत जुळल्यावर नाव स्वतःच्या पायावर उभं राहिलं. मी हा नियम कधी मोडत नाही : बाकी सगळे खोडले गेले म्हणून उरलेल्याचं नाव लिहायचं नाही. त्या नावाच्या बाजूनं किमान दोन स्वतंत्र गोष्टी हव्यात. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र. दहा खात्यांनी एकाच निरीक्षकाचा संदेश फिरवला असेल तर तो एकच स्रोत आहे, दहा नव्हेत.

झालं की तक्ता सहकाऱ्याला द्या आणि तुमचा निष्कर्ष खोटा पाडायला सांगा. त्याला दुसरं नाव तेवढ्याच सहज बसवता आलं, तर तुमचं काम अजून संपलेलं नाही.

पायरी ९ : लिहिताना, आणि लिहून झाल्यावर

निष्कर्षाच्या शब्दांत पायऱ्या ठेवा. संयुक्त राष्ट्रांचा आयोग ‘असं मानायला वाजवी आधार आहे’ ही भाषा वापरतो. न्यायालयातल्या शंकातीत सिद्धतेपेक्षा ती खाली आहे आणि तशी ती मुद्दाम आहे. नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणारी एअरवॉर्स ही संस्था एकाहून अधिक पक्षांवर आरोप असलेल्या घटनांना ‘वादग्रस्त’ हा वेगळा वर्ग देते. तुमच्या लेखातही तसं करा. ‘अमक्यानं केला’, ‘बहुधा अमक्यानं केला’, ‘अमका किंवा तमका, यापुढे सांगता येत नाही’ ही तीन वाक्यं तीन वेगवेगळे दावे आहेत. कोणत्या पुराव्यामुळे तुम्ही वरच्या पायरीवर गेलात आणि कशाअभावी गेला नाहीत, तेही लिहा. साक्षीदारांची आणि निरीक्षकांची नावं, आवाज, बसण्याच्या जागा यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

आणि फाईल उघडी ठेवा. २ जूनच्या रात्री, उजाडता ३ जून २०१५ ला, इराकमधल्या हविजा शहरात इस्लामिक स्टेटच्या बॉम्ब कारखान्यावर आघाडीनं हल्ला केला. आत साठवलेल्या स्फोटकांनी आसपासची वस्तीच उडाली, किमान ७० नागरिक मेले. हल्ला आघाडीचा होता हे माहीत होतं, पण आघाडीतला कोणता देश हे सांगितलं जात नव्हतं. ती नेदरलँड्सची एफ-१६ विमानं होती. डच सरकारनं हे नोव्हेंबर २०१९ मध्ये, तिथल्या पत्रकारांनी प्रकरण उघड केल्यावर, संसदेला कळवलं. भरपाई कुणाकडे मागायची, न्यायालय कोणतं, हे घर गमावलेल्या माणसाला देशाचं नाव कळेपर्यंत ठरवताच येत नाही.

म्हणून हल्ल्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक देशाच्या संरक्षण मंत्रालयाला स्वतंत्र पत्र लिहा. त्यात अक्षांश-रेखांश, प्रमाणवेळेतलं मिनिट, शस्त्राची ओळख आणि एकच थेट प्रश्न ठेवा : या वेळी, या जागेपासून इतक्या किलोमीटरच्या आत तुमच्या विमानानं शस्त्र डागलं का? पत्र पाठवल्याची तारीख, आलेलं उत्तर, न आलेलं उत्तर, सगळं तक्त्यात जोडा. माहिती अधिकाराचा कायदा असलेल्या देशात त्याच मजकुराचा अर्ज करा. नवं काही हाती आलं आणि निष्कर्ष बदलला, तर दुरुस्ती लेखाच्या वरच, तारखेसह टाका आणि जुना निष्कर्ष पुसू नका.